जखमेवरची खपली आणि हातातला पडदा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला. थोरला मुलगा रात्रपाळी आटोपून पहाटे दुचाकीने घरी येत असताना महामार्गावर अपघात झाला आणि तो जागीच गेला. वय अवघे सत्तावीस. अंत्यविधीला सारा गाव लोटला. नऊ दिवस घरात जपमाळेची प्रार्थना झाली, शेजारपाजारच्या घरांतून दोन्ही वेळचे जेवण येत राहिले. वरवर पाहता घर सावरत होते. धाकटा भाऊ मात्र दिवसेंदिवस खंगत चालला होता. तो महाविद्यालयात शिकतो. "फादर, हा रात्रभर मोबाईल घेऊन बसतो, झोपतच नाही," आईने काकुळतीने सांगितले. घरच्यांना वाटले, मन रमवण्यासाठी खेळ खेळत असेल.

तो खेळ खेळत नव्हता. रस्त्याकडेच्या एका सीसीटीव्ही कॅमेऱ्याने अपघाताची बावीस सेकंदांची चित्रफीत टिपली होती. कोणीतरी ती त्याच सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि गावातल्या गटांमधून ती फिरली. भाऊ गेल्याचे घरच्या माणसाने सांगण्याआधीच या मुलाने ती पाहिली होती. तेव्हापासून रोज रात्री, सगळे निजल्यावर, तो तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहत होता. किती वेळा, याची गणती त्यालाही नव्हती.

मी त्याला बोलावून घेतले आणि म्हटले, "बाळा, ती चित्रफीत आत्ताच्या आत्ता काढून टाक." तो "बरं फादर" एवढेच म्हणाला आणि निघून गेला. पुढचे दोन महिने तो ना चर्चमध्ये दिसला, ना युवक गटात. माझा हेतू चांगला होता, पण सल्ला अर्धाच बरोबर होता. हे मला मानसोपचार क्षेत्रातील एका जाणत्या स्नेह्याशी बोलल्यावर उमगले. त्यानंतर या विषयावर जे वाचले आणि जे अनुभवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. त्या कुटुंबाने या लेखनास संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

आघाताची स्मृती नेहमीच्या स्मृतीसारखी नसते. आपल्याला गेल्या वर्षीचा एखादा सण आठवतो तेव्हा तो गेल्या वर्षीचा आहे याची जाणीव त्या आठवणीतच असते. परंतु पराकोटीच्या भीतीच्या क्षणी मेंदूतील धोक्याची घंटा वाजवणारे केंद्र, म्हणजे अमिग्डाला, अतिशय प्रबळ होते आणि घटनेला स्थळकाळाचे कोंदण देणारा हिप्पोकॅम्पस हा भाग ताणाखाली नीट काम करू शकत नाही. त्यामुळे मागे उरतात ते तुकडे: ब्रेकचा कर्कश आवाज, रस्त्यावर पडलेली चप्पल, डिझेलचा वास. हे तुकडे काही निमित्ताने किंवा निमित्तावाचूनही मनात उसळतात, आणि ते आठवल्यासारखे वाटत नाहीत, आत्ता डोळ्यांपुढे घडत असल्यासारखे वाटतात. पहिल्या काही दिवसांत असे होणे स्वाभाविक आहे. तो दुबळेपणा नव्हे, वेडही नव्हे. बहुसंख्य माणसांमध्ये ही तीव्रता आठवड्यागणिक ओसरते. शांत झोप, घरातला नित्यक्रम, कोणाशी तरी थोडेथोडे बोलणे यांच्या आधाराने मन त्या तुकड्यांची सलग कहाणी रचते आणि त्या कहाणीला भूतकाळात जागा देते. जखमेवर खपली धरते ती अशी.

रोज रात्री तेच दृश्य पाहणाऱ्याच्या बाबतीत काय होते? दृश्य दिसताच छाती धडधडते, हातापायांना घाम सुटतो, श्वास आखडतो. हे पडद्यावरचे आहे आणि महिन्यापूर्वीचे आहे, हे बुद्धीला कळते; शरीराला कळत नाही. त्यात ही वेळ नेमकी झोपेची असते. स्क्रीनच्या प्रकाशाने झोप लांबते असे आपण ऐकतो. त्यात तथ्य आहे, पण प्रकाशापेक्षा त्या प्रकाशात आपण काय पाहतो हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. धरू पाहणारी खपली कोणीतरी दर रात्री नखाने उकरून काढावी, तसा हा प्रकार.

या विषयाचा अभ्यास मोबाईल येण्याआधीच सुरू झाला होता. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे एका सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट होऊन १६८ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत १९ बालके होती. त्यानंतर तेथील शाळकरी मुलांची पाहणी झाली. ज्या मुलांनी दूरचित्रवाणीवर स्फोटाची दृश्ये अधिक पाहिली, त्यांच्यात आघाताची लक्षणे अधिक आढळली. ज्यांच्या घरातले कोणी गेले नव्हते अशी मुलेही त्यांत होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अवघ्या काही दिवसांत त्या देशभरातील ५६० प्रौढांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारण्यात आले. त्या एका दिवशी त्यांनी सरासरी आठ तास दूरचित्रवाणी पाहिली होती आणि त्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तीव्र ताणाचे किमान एक तरी लक्षण सांगितले. यांतले बहुतेक जण घटनास्थळापासून शेकडो मैल दूर होते.

सर्वाधिक चर्चा झाली ती बोस्टनच्या अभ्यासाची. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ स्फोट झाले. अ‍ॅलिसन होल्मन, डॅना रोझ गार्फिन आणि रॉक्सेन कोहेन सिल्व्हर या संशोधिकांनी पुढील काही आठवड्यांत ४,६७५ लोकांची पाहणी केली. त्यांना जे आढळले ते वाचून मी ती ओळ पुन्हा वाचली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक काळ या घटनेची दृश्ये आणि बातम्या पाहणाऱ्यांनी सांगितलेला तीव्र ताण हा, प्रत्यक्ष स्फोटस्थळी असलेल्या किंवा ज्यांचे कोणी तेथे होते अशा लोकांच्या ताणापेक्षाही जास्त होता.

येथे चोखंदळ वाचक शंका घेईल, आणि ती रास्त आहे. आधीपासून अस्वस्थ असलेली माणसेच अधिक बातम्या पाहत नसतील कशावरून? याच संशोधकांच्या चमूने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार हजारांहून अधिक लोकांचा बोस्टनपासून २०१६ मधील ऑरलँडो येथील गोळीबारापर्यंत, तीन वर्षे मागोवा घेतला. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. अधिक पाहणाऱ्यांची चिंता वाढली, आणि ज्यांची चिंता वाढली होती त्यांनी पुढच्या घटनेच्या वेळी आणखी पाहिले. विहिरीच्या रहाटासारखे हे चक्र आहे. ते कोठून सुरू झाले यावर वाद घालण्यापेक्षा ते कोठे तरी थांबवणे श्रेयस्कर.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी चर्चगेटहून सुटलेल्या सात लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत स्फोट झाले. पश्चिम रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या आपल्या वसई-विरारकरांना ती रात्र विसरता येणार नाही. दोन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा सुमारे साठ तास वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण चालू होते. मीही त्या तीन दिवसांत धर्मगुरूनिवासातल्या दूरचित्रवाणी संचापुढून फारसा हललो नाही, हे कबूल केले पाहिजे. आपण पाहत राहिलो म्हणजे काहीतरी करीत आहोत असा भ्रम होतो. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याच्या निकालपत्रात वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. हल्लेखोरांच्या सूत्रधारांनाही ते दिसत होते. प्रेक्षकांच्या मनावर काय परिणाम झाला, हा न्यायालयापुढचा प्रश्न नव्हता. तो आपल्यापुढचा आहे.

तरीही तेव्हाची दूरचित्रवाणी आणि आताचा मोबाईल यांत मोठा फरक आहे. वाहिनीवर कोणीतरी संपादक असतो, रक्तबंबाळ देह तो निदान धूसर करतो. संच दिवाणखान्यात असतो, घरातले वडीलधारे तो बंद करू शकतात. मोबाईल अंथरुणात येतो. त्यावरची चित्रफीत कोणी संपादित केलेली नसते, आणि तिच्यातला माणूस आपल्या रक्तानात्याचा असू शकतो. शिवाय एक अपघात पाहिला की हे यंत्र तशाच आणखी दहा चित्रफिती न मागता पुढे करते. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत एक मर्यादा घातली. केवळ पडद्यावर पाहिलेल्या घटनेमुळे आघातोत्तर तणाव विकार झाला असे निदान करता येत नाही. अपवाद ज्यांना कामाचा भाग म्हणून अशी दृश्ये पाहावी लागतात त्यांचा, म्हणजे उदाहरणार्थ पोलिसांचा. परंतु जिवलगाचा हिंसक अथवा अपघाती मृत्यू कळणे हा त्याच पुस्तिकेनुसार आघातच आहे. आमच्या या तरुणाला आघात आधीच झाला होता. चित्रफीत त्यावर रोज मीठ चोळत होती.

मग "काढून टाक" या माझ्या सल्ल्यात चुकले काय?

पहिली गोष्ट व्यवहारातली. ती चित्रफीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील पुरावा होती. वाहनचालकाची चूक तीत दिसत होती. ती पुसणे म्हणजे भावाची बाजू पुसणे, असे त्या मुलाला वाटले आणि ते अगदीच चूक नव्हते. मी हे विचारलेच नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. आघातानंतर त्या घटनेची आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळणे, त्या रस्त्याने न जाणे, त्या माणसाचे नावही न घेणे, हे स्वतःच या विकाराचे एक लक्षण मानले जाते. म्हणूनच तज्ज्ञ उपचारक रुग्णाला आठवणीपासून पळायला शिकवत नाहीत. उलट तिच्याकडे परत नेतात. माझ्या मनात गोंधळ उडाला तो येथेच. उपचारक जर आठवणीकडे नेतो, तर चित्रफीत पाहण्यात वाईट ते काय? माझ्या स्नेह्याने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत मांडतो. उपचारकापुढे माणूस घटना स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्या कथनाला आरंभ असतो, शेवट असतो. अपघाताआधीचा भाऊ त्यात असतो आणि अपघातानंतरची सकाळही असते. समोर एक शांत माणूस बसलेला असतो, ठरलेल्या वेळी बैठक संपते, आणि जीव घाबरा झाला तर थांबता येते. चित्रफितीत बावीस सेकंदांच्या अलीकडे आणि पलीकडे काहीच नसते. ती संपते तेथेच पुन्हा सुरू होते. पाहणारा एकटा असतो, आणि एक शब्दही बोलत नाही. उपचारात आठवण पुढे सरकते, पडद्यावर ती जागच्या जागी फिरते.

सारेच पडदे घातक असतात असेही नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहन अपघातानंतर काही तासांतच रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेले ७१ जण त्यात होते. त्यांच्यापैकी काहींना अपघाताची थोडक्यात आठवण करून देऊन 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा साधा संगणकीय खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवडाभरात त्यांना अपघाताची दृश्ये अवचित दिसण्याचे प्रमाण इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी होते. डोळ्यांना आणि मनाला आकार जुळवण्याच्या कामात गुंतवले की भीषण प्रतिमा घट्ट बसण्यास वाव कमी मिळतो, अशी त्यामागची कल्पना. हा काही घरगुती उपचार म्हणून मी सुचवत नाही. परंतु आईला ज्या खेळाची धास्ती वाटत होती, तो तो खरोखरच खेळत असता तर कदाचित बरेच झाले असते! आणि २०२०-२१ च्या महामारीत आखातात अडकलेल्या कित्येक मुलांनी आईवडिलांचा अंत्यविधी मोबाईलवरच पाहिला, त्यांच्यासाठी तोच पडदा शेवटचा दुवा होता. म्हणून सरसकट मोबाईल हिसकावून घेणे हे शहाणपणाचे नाही, विशेषतः तरुणांच्या बाबतीत. मित्रांचा आधारही त्यांना त्यातूनच मिळतो.

कमी करायचे ते नेमके काय, हे ठरवावे. घटनेची दृश्ये प्रथम. पुरावा म्हणून किंवा आठवण म्हणून जे ठेवायचे ते पेन ड्राइव्हवर घेऊन घरातल्या एका विश्वासू, धीराच्या माणसाकडे द्यावे आणि मोबाईलमधून काढावे. मागितले तर मिळेल, एवढी खात्री दुखावलेल्या माणसाला असली की मागण्याची निकड ओसरते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चित्रे व चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करता येते; निदान पहिले काही महिने ती बंद ठेवावी. जे गट अशा चित्रफिती फिरवतात त्यांतून बाहेर पडावे आणि कोणाला वाईट वाटेल याची पर्वा करू नये. बातम्यांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या संदर्भात दिलेला सल्ला अपघाताला किंवा आपत्तीलाही तितकाच लागू पडतो: दिवसातून एकदा-दोनदा, ठरलेल्या वेळी पाहाव्यात, सतत नव्हे. रात्री मोबाईल उशाशी ठेवू नये. गजरासाठी लागतो ही सबब असेल तर गजराचे साधे घड्याळ आणावे.

एक लहानशी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अनेक मोबाईल 'आठवणी' म्हणून जुनी छायाचित्रे आपणहून समोर आणतात. सहाव्या महिन्यात सकाळी सकाळी मृत मुलाचा हसरा चेहरा संगीतासह समोर येऊन कोसळलेल्या आया मी पाहिल्या आहेत. गूगल फोटोजमध्ये ठरावीक व्यक्ती किंवा तारखा या आठवणींतून वगळण्याची सोय आहे. छायाचित्रे कोठेही जात नाहीत. आपण तयार असू तेव्हा ती पाहता येतात. घरातल्या एखाद्या जाणत्या मुलाने हे पाच मिनिटांचे काम करून द्यावे.

लहान मुलांविषयी वेगळे सांगायला हवे. तेच दृश्य दहा वेळा दाखवले की दहा वेगवेगळे अपघात झाले, असे अगदी लहान मुलाला वाटू शकते. पुनःप्रक्षेपण ही कल्पना त्याला कळत नाही. मोठी माणसे बातम्या पाहत असताना मूल कोपऱ्यात खेळत आहे म्हणजे ते पाहत नाही, अशा समजुतीत राहू नये. घडलेले त्याला साध्या, खऱ्या शब्दांत आपण सांगावे आणि त्याच्या प्रश्नांना तेवढीच उत्तरे द्यावीत.

पडद्याचा वेळ कमी झाला की तेथे एक पोकळी उरते, आणि तीच सर्वांत कठीण. आपल्या मराठीत 'समाचार' शब्दाचा एक अर्थ बातमी असा आहे, आणि दुःख झालेल्या घरी विचारपूस करण्यास जाणे यालाही आपण समाचाराला जाणे म्हणतो. आमच्या लहानपणी दुसरा समाचार महिनोन्‌महिने चाले. कोणी फार बोलत नसे. बाया येऊन मुकाट्याने भाजी निवडायला बसत, पुरुष ओटीवर बसून पावसापाण्याचे काहीतरी बोलत. आता नवव्या दिवशी जपमाळ संपते, दहाव्या दिवसापासून घर सुने होते, आणि शोक व्यक्त करणारे संदेश मात्र मोबाईलवर येत राहतात. रात्री अकरा वाजता जागा असलेल्या मुलाने जावे कोठे? त्या पोकळीत मोबाईल असतो, कारण तो तेवढा वेळ देतो. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेले नाही. अंत्यविधीनंतर तिसऱ्या महिन्यात त्या घरी गेलो, असे माझ्या बाबतीत क्वचितच घडले आहे.

महिना उलटूनही झोप येत नसेल, दृश्ये तितक्याच जोराने उसळत असतील, मूल शाळेत किंवा माणूस कामावर जाऊ शकत नसेल, दारूचा आधार सुरू झाला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. जीव नकोसा झाल्याचे शब्द कोणी काढले तर महिनाही थांबू नये, त्याच क्षणी मदत घ्यावी. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. प्रार्थनेने शांती मिळते हा माझा अनुभव आहे, पण मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतोच.

त्या तरुणाचे काय झाले, हे वाचक विचारतील. दोन महिन्यांनी मीच त्याच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. चित्रफीत पेन ड्राइव्हवर उतरवून त्याच्या काकांकडे दिली. दाव्याच्या कागदपत्रांबरोबर ती त्यांच्या कपाटात आहे. हिवाळ्यात एकदा त्याने ती मागितली. काका म्हणाले, "रविवारी जेवण झाल्यावर ये, दोघं मिळून बघू." दुपारच्या उजेडात, काकांच्या शेजारी बसून त्याने ती एकदाच पाहिली आणि मग पहिल्यांदा बोलला. त्या पहाटे भावाचा फोन आला होता, आणि झोपेत त्याने तो उचलला नव्हता. उचलला असता तर भाऊ दोन मिनिटे थांबला असता, आणि तो ट्रक पुढे निघून गेला असता. त्या बावीस सेकंदांत तो इतके दिवस ही दोन मिनिटे शोधत होता. काकांनी त्याची समजूत घातली नाही, मध्ये बोललेही नाहीत. दोघे बऱ्याच वेळाने उठले आणि केळीला पाणी लावायला वाडीत गेले.

आता तो एका समुपदेशकाकडे नियमित जातो. दावा अजून चालू आहे. मध्यरात्री कधीकधी तो अजूनही जागा होतो. मोबाईल मात्र रात्री स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठाशेजारी चार्जिंगला असतो, आणि तिकडे जाताना आईच्या खाटेवरून जावे लागते.